हमी नसलेलं अस्वल

शनिवारी सकाळी राखीव जंगलाच्या कडेला उभं राहून मी पत्रकं वाटते. पगार दुसऱ्या कामाचा मिळतो, पण कुणी विचारलं तर मी हेच काम सांगते. पत्रकाचा विषय एकच: माकडांना खायला घालू नका. आमच्या स्वयंसेवी गटात लिहिण्याची शिस्त कडक आहे. एका वाक्यात एक मुद्दा, विशेषणं नकोत, 'कृपया' फक्त एकदा. मला तर तेही एकदा जास्तच वाटतं.

शनिवारच का, तर आपल्या लोकांसाठी. शनिवार मारुतीचा, म्हणून इथे परदेशातसुद्धा आपली कुटुंबं केळ्यांच्या फण्या घेऊन तिथे हजर होतात. मी मराठीत बोलले की आधी फार खूश होतात.

"अगंबाई, मराठी का तू? पुण्याची?"

"हो काकू. केळी पिशवीत ठेवा."

"अगं, शनिवार आहे आज. मारुतीचा वार."

"इथे दंड होतो, काकू."

"भरेन की मी. तुझ्या पर्समधून थोडाच जाणारे?"

"दंड तुम्ही भराल. पण हे माकड उद्या केळ्यासाठी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात शिरेल, मग पिंजरा लावून त्याला पकडतील आणि मारतील. ते कोण भरणार?"

काकू केळी पिशवीत टाकतात आणि नवऱ्याला म्हणतात, "हिच्या आईबापांचं कसं होत असेल!"

काकूंची शंका रास्त आहे.

माझे आईबाबा शहराच्या बिशान भागात राहतात, मीही तिथेच, त्याच फ्लॅटमध्ये. मी शाळेत असताना बाबांच्या नोकरीसाठी पुण्याहून या परक्या देशात आलो आणि इथलेच झालो. मध्यंतरी बाबा निवृत्त झाले. निवृत्त झाल्यावर त्यांचे मित्र क्रूझला गेले, नातवंडांकडे गेले. बाबांना अस्वल बघायचं होतं. प्राणिसंग्रहालयातलं नाही, रानातलं.

त्यांच्या लहानपणी विदर्भात दरवेशी अस्वल घेऊन दारात यायचा. अस्वलाच्या नाकात वेसण, वेसणीला दोरी. मूल झोपेत दचकतं म्हणून बाबांना त्या अस्वलाच्या पाठीवर बसवलं होतं आणि त्याचा एक केस ताइतात घालून गळ्यात बांधला होता. "मी भोकाड पसरलं होतं," बाबा सांगतात, "आणि ते बिचारं मुकाट उभं होतं. एकदा मोकळं अस्वल बघायचंय मला." सगळा जन्म दुसऱ्यांचे सर्व्हर चालू ठेवण्यात घालवलेल्या माणसाने एवढं मागावं आणि ते त्याला मिळावं, याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं.

माझं म्हणणं सुरू झालं ते जेवणाच्या टेबलावर.

"बुकिंग करतोय," बाबा म्हणाले. "उत्तर युरोप. जंगलात लाकडी खोपीत बसायचं, समोर तपकिरी अस्वलं येतात. शंभर टक्के हमी आहे."

"शंभर टक्के कशी?"

"कशी म्हणजे?"

"रानातलं अस्वल आहे ना? येतो म्हणून त्याने कुणाला शब्द दिलाय?"

आईने माझ्या ताटात न मागता पोळी वाढली. गप्प बस, असा त्या पोळीचा अर्थ होता.

दुसऱ्या दिवशी मी त्या सहलवाल्यांना फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, हो, हो, खोपीसमोर रोज संध्याकाळी खाद्य टाकतात, मासे असतात, कुत्र्यांना घालतात ते दाणे असतात. तुम्ही निश्चिंत राहा मॅडम, अस्वल येतंच. तिने काही लपवलं नाही. लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटतच नव्हतं, आणि त्यानेच माझं डोकं फिरलं.

"ही सहल रद्द करा," मी घरी येऊन बाबांना सांगितलं.

"का? अस्वलाला खायला मिळतं, मला अस्वल बघायला मिळतं. कुणाचं काय बिघडलं?"

"माणसाचा वास आला की खाणं मिळतं, हे त्याला शिकवतायत ते लोक. मी दर शनिवारी घामाने निथळत परक्या माणसांना हेच समजावते. आणि माझ्याच घरातून त्यासाठी पैसे जाणार?"

"तू प्रत्येक गोष्टीचं पत्रक करतेस."

"कारण तुम्ही प्रत्येक गोष्टीला 'काय बिघडलं' म्हणता."

"अहो, पुरे. आणि तूसुद्धा," आई म्हणाली. "अस्वल अजून दिसलं नाही आणि घरात आत्ताच ओरखडे."

मी आठवडाभर शोधून दुसरी सहल काढली. जपानात होक्काइदोला. छोटा गट, वाटाड्याबरोबर जंगलातली पायवाट, आणि बोटीतून किनारा. खायला काही घालत नाहीत. हमी कसलीच नाही. अस्वल दिसेलच असं नाही, हे त्यांनी त्यांच्या पानावर दोनदा लिहिलं होतं.

"ही जाहिरात आहे की धमकी?" बाबांनी विचारलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ठीक आहे. पण नाही दिसलं तर जबाबदारी तुझी. मी पुन्हा पुन्हा जाणारा माणूस नाही. माझ्या गुडघ्यांना विचार."

"माझी," मी म्हणाले.

सप्टेंबरात मासे नद्यांत चढतात आणि त्यांच्यामागे अस्वलं किनाऱ्याला उतरतात, म्हणून सप्टेंबर. त्यात पितृपक्ष आला. आजोबांची तिथी नेमकी सहलीत पडत होती. आई कुरकुरली, पण तारखा बदलण्यासारख्या नव्हत्या. पूर्वी बाबा तिथीला पान वाढून बिशानच्या फ्लॅटच्या खिडकीबाहेर कठड्यावर ठेवायचे. कावळ्याआधी साळुंक्या यायच्या, भात खालच्यांच्या कपड्यांवर सांडायचा. मी भांडभांड भांडून ते बंद केलं होतं. हल्ली ते तिथीला देवळात अन्नदान करतात. माझ्या लेखी तो विषय मिटला होता.

होक्काइदोचं आमचं लॉज लाकडी होतं. मागच्या दाराबाहेर थोडं गवत, एक सपाट दगड, आणि लगेच जंगल. वाटाडी आईच्या वयाची बाई होती. पहिल्याच संध्याकाळी तिने सावकाश इंग्रजीत नियम सांगितला: खाण्याची कुठलीही वस्तू बाहेर न्यायची नाही, साल नाही, चुरा नाही, सगळं स्वयंपाकघरातल्या पोलादी कपाटात. मग तिने आमची खाण्याची बॅग उघडायला लावली. चिवडा, मेतकूट, बेसनाचे लाडू, साजूक तुपाची बरणी. आपण चंद्रावर निघालो तरी ही बॅग बरोबर असेल. बाईने बरणीचं झाकण उघडून वास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "व्हेरी गुड. व्हेरी डेंजरस."

"बघा, तिलासुद्धा कळलं," आई म्हणाली.

पहिल्या दिवशी बोट होती. समुद्र खवळलेला म्हणून बोट रद्द. बाबा धक्क्यावर उभे राहून लाटांकडे बघत होते, त्या मीच पाठवल्यासारखे. उरली दुसऱ्या दिवशीची पायवाट. तिसऱ्या दिवशी परत विमान.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे बूट घालून तयार होते. आम्ही तिघं आणि ओसाकाचं एक वयस्क जोडपं. बाबा दिसेनात. मी मागच्या दाराने बाहेर गेले. बाबा गवतात हात जोडून उभे होते. सपाट दगडावर कागदी ताटली. तीत भात, वर तूप, बाजूला दही आणि एक बेसनाचा लाडू.

"बाबा, हे काय?"

"हळू बोल. वर कावळा आहे."

"उचला ते."

"उचलतो. एकदा शिवू दे."

"नियम सांगितला होता ना त्यांनी?"

"तो खाण्याबद्दल. हे खाणं नाही. हे पान आहे."

वर फांदीवर खरोखरच एक कावळा होता, आपल्याकडच्या दोन कावळ्यांएवढा. मी ताटलीकडे झेपावले, पण तो आधी पोचला. त्याने थेट लाडू उचलला आणि झाडीच्या कडेला जाऊन बसला. अर्धा खाल्ला, अर्धा टाकला आणि उडाला.

"शिवला!" बाबा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "अगं, लगेच शिवला. बिशानला कधी इतका लवकर शिवला नाही."

  मी वळले आणि वाटाडीच्या खोलीकडे चालू लागले.

"कुठे निघालीस? मी उचलतोय ना!" बाबा मागून म्हणाले. मग त्यांना कळलं. "अगं, थांब. आता निघायचंय आपल्याला. तिला सांगितलंस तर ती नेणार नाही."

त्यांना जे कळलं ते मलाही कळत होतं. पायवाट त्या गवतातूनच सुरू व्हायची. ही शेवटची संधी, आणि जबाबदारी मी मागून घेतलेली. गप्प बसले असते तर तासाभरात आम्ही जंगलात असतो. मी दार वाजवलं.

बाई आली. ताटलीकडे बघितलं आणि मला विचारलं, "कुणासाठी?"

"त्यांच्या वडिलांसाठी."

तिने आधी दगडापुढे मान लववली. मग ताटली उचलली, आतून उकळत्या पाण्याची किटली आणून दगडावर ओतली. आम्हीही आमच्या माणसांच्या थडग्यांवर खाऊ ठेवतो, ती म्हणाली, पण हात जोडून झाले की घरी परत नेतो. आणि शेवटी म्हणाली, "आज ही वाट बंद. अस्वलाला ही चव एकदा कळली तर ते दारापर्यंत येईल. मग बंदूकवाल्यांना बोलवावं लागतं."

"फॉर वन लाडू?" बाबांनी विचारलं.

"फॉर वन लाडू."

मग उरलेला अर्धा लाडू शोधणं आलं. ओल्या गवतात, झाडीच्या कडेला, आम्ही सगळे वाकून. ओसाकाच्या आजींनी लाडू कसा दिसतो ते विचारलं. आईने बोटांनी गोल करून दाखवला, "बेसन, बेसन" म्हणाली, आणि त्या बेसन, बेसन पुटपुटत गवत चाळू लागल्या. बाबा जरा वेळ बाजूला उभे राहिले. मग म्हणाले, "तिथे नाही. डावीकडे. त्या पांढऱ्या खोडाखाली बसला होता तो." आणि गुडघे धरत स्वतःच खाली बसले. तुकडा त्यांनाच सापडला. त्यांनी तो बाईच्या पिशवीत टाकला आणि कुणाकडे न बघता आत गेले.

दुपारी बाबांनी विषय काढला. 

"सांगायला नको होतंस."

"सांगायलाच हवं होतं."

"मी उचलत होतो."

"ताटली उचलली असतीत. तो अर्धा लाडू कुणी उचलला असता?"

 "नाही दिसलं तर जबाबदारी तुझी, हे बोलणं झालंय आपलं."

"झालंय. म्हणून तिकिटं बदलतेय."

"काय?"

"तुमचं आणि माझं. उद्या सकाळी बोट आहे. उद्या लाटा असल्या तर परवा. परवा असल्या तर तेरवा."

"आणि तुझी नोकरी?"

"रजा टाकलीय."

"आणि तुझा शनिवार? माकडं?"

"या शनिवारी दुसरी कुणीतरी ओरडेल."

आईला सोमवारी ऑफिस गाठायचं होतं. महिनाअखेरीचे हिशेब तिच्याशिवाय मिटत नाहीत. "मी जाते," ती म्हणाली. "तुम्ही दोघं इथे मनसोक्त भांडा. पण लाडवांचा डबा मी घेऊन जातेय. तुमच्यावर भरवसा नाही माझा." कुणावर, ते तिने सांगितलं नाही. बाबांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात लपवलं. मला दिसलं.

दुसऱ्या दिवशीही समुद्र शांत नव्हता. बोट गेली नाही.  आम्ही नदीच्या पुलावर जाऊन उलट्या धारेत उड्या मारणारे मासे बघत बसलो. काही मासे काठावर अर्धे खाऊन टाकलेले होते. बाबांनी वाकून एक बराच वेळ न्याहाळला. "म्हणजे आहे इथेच," ते म्हणाले. मी म्हटलं, "आहेच. मी कधी नाही म्हटलं?"

त्याच्या पुढच्या सकाळी बोट सुटली. वारा होता, पण लाटा बसल्या होत्या. किनारा उंच कड्यांचा, मध्येच दगडगोट्यांच्या छोट्या पुळणी. बोट कडेपासून लांब ठेवायचा तिथे नियम आहे. जागोजागी नुसते दगड आणि दगड.  आज नाही दिसलं तर उद्याची रजा मागायची, आणि उद्या नाही तर परवाची, हे मी मनात ठरवून टाकलं होतं, आणि तरीही प्रत्येक दगड दोनदा बघत होते.

नावाडी काहीतरी ओरडला. बोट थांबली. लोकांचे हात एकाच दिशेला गेले. मला एका पुळणीवर तपकिरी ठिपका दिसला. तो दगडही असू शकला असता. मग तो चालू लागला.

बाबांनी माझ्या गळ्यातली दुर्बीण ओढली. पट्टा माझ्या मानेत अडकला तेव्हा मीच वाकून तो सोडवून दिला. त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली.

"दिसलं?"

"हं."

"काय करतंय?"

"दगड उलटतंय. केवढा दगड! एका हाताने." जरा वेळाने म्हणाले, "खाली काहीतरी मिळालं त्याला. खातंय. स्वतःचं स्वतः शोधून खातंय, बरं का. लिही तुझ्या पत्रकात."

"लिहीन. द्या ना मला जरा."

"थांब गं. पाठ फिरवलीय त्याने."

मागे कुणीतरी इंग्रजीत नावाड्याला विचारलं, आणखी जवळ नेता येईल का. नावाड्याने मान हलवली, नाही. बाबा दुर्बीण न काढता मराठीतच म्हणाले, "काही गरज नाही."

"बाबा, मलाही बघायचंय."

"तुझीच मागणी ना हमी नको म्हणून? मग थांब."

मी थांबले. नुसत्या डोळ्यांनी मला तो ठिपकाच दिसत होता, थोडा डावीकडे, मग पाण्याच्या जरा जवळ. बाबा तोंडाने सांगत होते: आता मान वर केली, आता वास घेतंय, आता पाण्यात पाय घातला. बोट वळायला लागली तेव्हा तेही तिच्याबरोबर वळले, कठड्याला टेकून, गुडघ्यांची आठवणही न काढता.

"आता काय करतंय?" मी विचारलं.

"गप्प बस जरा," बाबा म्हणाले. "हललं की सांगतो."