कच्चा निळा रंग

"नाकाला काय विचारतायसा? डोळ्यांना विचारा की!" असं म्हणत अण्णा काचपट्टी माझ्या तोंडापुढे धरायचे. पट्टीवर गाईचं शेण सारवलेलं, आणि त्यावर ओतलेला लाल रंग वाफा येईपर्यंत दिव्यावर तापवलेला. शेण आणि फिनेलसारख्या औषधाचा तो एकत्र वास ज्यांनी घेतला नाही, त्यांनी मला नाजूक म्हणू नये. जनावरांच्या रोगनिदान प्रयोगशाळेत मी कारकून होतो. अण्णा तिथले तंत्रज्ञ, मूळचे निपाणीचे. बोटं कायम निळी. त्याच बोटांनी भडंग खात आणि मलाही देत.

"खावा वो. रंगवल्यावर जंतू कुठला जगतोय?"

तुमच्याही कचेरीत असा एक जण असेल. त्याच्याशेजारी जेवायला कुणी बसत नाही आणि त्याच्यावाचून काम हलत नाही.

खिडकीत त्यांची निळ्या रंगाची बाटली असे. अर्धीच भरलेली, तोंडाला कापसाचा बोळा, काचेवर डागांची पुटं. वर्षभर हवा आणि ऊन दाखवून, रोज हलवून तो रंग पिकवावा लागतो. पिकलेल्या रंगातच काळपुळीच्या, म्हणजे अँथ्रॅक्सच्या, जंतूभोवती गुलाबी झालर दिसते. ताज्या रंगात तो नुसता निळा, इतर दहा जंतूंसारखा. "लोणचं हाय हे," अण्णा म्हणत. "मुरलं पायजे."

नव्या इमारतीचं उद्घाटन ठरलं आणि साहेबांना स्वच्छतेचा झटका आला. सुगंधी फवारे आले, प्लास्टिकची फुलं आली. 'ही घाण' म्हणून अण्णांची बाटली मोरीत ओतली गेली आणि तिच्या जागी चकचकीत लेबलाची नवी आली. मोरीपेक्षा त्या फवाऱ्याचाच वास मला नकोसा झाला, पण तोंडातून 'छान' निघालं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी गुंजी गावाकडून एक शेतकरी आला. त्याची म्हैस एकाएकी मेली होती, नाकातून काळं रक्त आलेलं. गावच्या डॉक्टरांनी तिच्या कानाचं रक्त काचपट्टीवर घेऊन त्याच्याबरोबर दिलं होतं. त्याला एवढंच कळायला हवं होतं: म्हैस सोलायची की तशीच पुरायची? काळपुळीचं जनावर सोललं तर रोग माणसालाही होतो.

अण्णा तासभर सूक्ष्मदर्शकावर वाकून होते.

"दांडक्यासारखं जंतू हायती, साहेब. झालर न्हाय. पण रंगच कच्चा हाय. पुरा म्हणून सांगूया."

"झालर दिसली का?"

"न्हाय."

"मग रोग नाही असं लिहा. उद्या पाहुणे यायचेत आणि आज काळपुळी काढता? आयतु, बिडी." कानडीत म्हणजे झालं, सोडा.

अण्णांनी अहवालाच्या कच्च्या प्रतीत शेवटी एक ओळ घातली: 'रंग कच्चा असल्याने खात्री नाही. जनावर उघडू नये, खोल पुरावे.' मग साहेबांनी त्यांना नव्या दालनात तोरणं बांधायला पाठवलं, आणि माझ्यासमोर त्या ओळीवर नुसतं बोट ठेवलं. टाइप करताना मी ती गाळली. खाली नाव अण्णांचंच राहिलं.

शेतकऱ्याने म्हैस सोलली. आठवड्यात त्याच्या मनगटावर फोड आला, फुटला, आणि मधोमध कोळशासारखा काळा पडला.

अण्णा मला घेऊन दवाखान्यात गेले. हाताची पट्टी सोडलेली होती. सुजून तुकतुकीत झालेला हात, मध्ये तो काळा खड्डा, कडेने पाझरणारं पाणी. मी भिंतीकडे बघू लागलो. डॉक्टर म्हणाले होते, जीव वाचेल.

शेतकऱ्याची बायको उशाशी उभी होती. "कुणी लिवलंतं वो ते? रोग न्हाय म्हणून?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मी, आक्का. माझंच नाव हाय त्यावर."

ती त्यांच्या पायाशी थुंकली. अण्णा हलले नाहीत. भिंतीवर लसीकरणाचा तक्ता होता. मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

महिन्याभरात अण्णांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. निरोप समारंभाला ते आले नाहीत. साहेबांनी शाल रिकाम्या खुर्चीवर पांघरली आणि फोटो काढून घेतला. अण्णांच्या सचोटीवरचं भाषण मी केलं. सगळे म्हणाले, फार मनापासून बोललात.