भाई आणि माझी अर्धी वाक्यं

आमच्या भाईने उभ्या आयुष्यात समोरच्याचं एकही वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही. तुम्ही तोंड उघडायचा अवकाश, पुढचं सगळं तो बोलून मोकळा! मी त्याचा धाकटा भाऊ, त्यातून लहानपणापासून माझी जीभ शब्दाशब्दाला अडते. तेव्हा चौसष्ट वर्षांत माझ्या वाट्याला किती वाक्यं आली असतील, ते तुम्हीच बघा. शाळेत मास्तर हजेरी घ्यायचे तेव्हा माझं नाव आलं की शेजारच्या वर्गातून भाईच ‘हजर!’ म्हणून ओरडायचा. मधली भिंत कुडाची, त्यामुळे ते खपूनही जायचं. पुढे तो हायस्कूलला गेला आणि मी रोज वर्गात बसूनही गैरहजर पडायला लागलो.

एका जागी बसणं त्याला ठाऊकच नव्हतं. जेवायचासुद्धा ताट हातात घेऊन, पडवीत येरझाऱ्या घालत, आणि त्याच्या मागून वहिनी आमटीचं भांडं घेऊन. लग्नात घातले नसतील एवढे फेरे या दोघांनी आमटीभातासाठी घातले. बर्फाच्या कारखान्यात लागला, तो सोडला. टेंपो घेतला, विकला. सुपारीचा व्यापार केला, तोही एका पावसाळ्यापुरता. शेवटी रमला तो कलमांच्या बागेत, कारण तिथे दिवसभर या झाडाखालून त्या झाडाखाली हिंडता येतं आणि झाडं मध्ये बोलत नाहीत. एकदा मनात आलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाही. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो, तर मुलीच्या वडलांनी विचारलेल्या एकूण एक प्रश्नाला उत्तर भाईचं. निघताना त्या बिचाऱ्यांनी पत्रिका त्याचीच मागितली. तेव्हा त्याचं लग्न होऊन चार वर्षं झाली होती! माझी बायको अजून म्हणते, “मी पसंत केलं ते गप्प बसलेल्याला. दुसरा पदरात पडला असता तर मला बोलायला कधी मिळालं असतं?”

रत्नागिरीच्या स्टँडवरची गोष्ट तर आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. एक म्हातारी बोचकं घेऊन आम्हाला विचारायला आली, “बाबा, माझी देवरूखची लेक…” झालं! “देवरूख ना आजी? हीच गाडी, चढा!” म्हणून भाईने तिला बोचक्यासकट आत चढवली, स्वतः दार लावलं, वर घंटीही मारली. गाडी सुटल्यावर, स्टँडच्या बाकावर म्हातारीच्या शेजारी बसलेल्या बाईने सांगितलं की देवरूखची लेक आता केळशीला राहायला गेली आहे आणि म्हातारीला तिकडे जायचं होतं. कुठे देवरूख, कुठे केळशी! भाई मागच्या गाडीने देवरूखला गेला, म्हातारीला शोधून काढली आणि थेट केळशीला लेकीच्या ओटीवर नेऊन बसवली. दोन दिवसांनी घरी आला तो हातात कुळथाची पिशवी, आणि तोंड एवढंसं. मला म्हणाला, “म्हातारी फार बोलते रे. वाटभर मला बोलूच दिलं नाही.”

हसायला हे सगळं बरं, पण एकदा मात्र मी त्याच्यावर मनापासून रागावलो. मी ऑफिसातून निवृत्त झालो तेव्हा निरोपाला बोलायचं म्हणून चार वाक्यं लिहून काढली होती. महिनाभर विहिरीवर जाऊन घोकत होतो. उभा राहिलो, “मान्यवर साहेब” एवढं निघालं, पुढच्या शब्दावर गाडी अडली. तोच मागच्या खुर्च्यांतून भाई उठला आणि “याला म्हणायचंय ते असं” म्हणून जो सुरू झाला तो पाऊण तास! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी घरी येऊन आठ दिवस त्याच्याशी बोललो नाही. त्याला ते कळलंच नाही, कारण एरवी तरी मी कुठे बोलत होतो? नवव्या दिवशी वहिनींनी कान उपटले तेव्हा आला.

“काय रे मेल्या, रागावलास?” एवढं विचारून तो थांबला. खरोखर थांबला. ओठ घट्ट मिटून, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत. मी सावकाश म्हणालो, “भाई, ते माझं भाषण होतं.”

“लोक हसले असते रे,” तो म्हणाला. “तू चौथीत कविता म्हणताना सगळा वर्ग हसला होता. मी भिंतीपलीकडे होतो. ते अजून माझ्या कानात आहे.”

मी ते कधीच विसरून गेलो होतो. माझं दुखणं त्याने स्वतःकडे ठेवून घेतलं होतं, तेही अर्धशतक. त्यानंतर त्याने माझी वाक्यं पुन्हा तोडायला सुरुवात केली आणि मी त्याला काही म्हणालो नाही.

गेल्या वैशाखात, आंब्याच्या पेट्या भरताना, तो उभ्याउभ्याच गेला. डॉक्टर यायचीही वाट बघितली नाही.

शिमग्यात देवाची पालखी घरोघर येते. आमच्या वाडीची रीत अशी की गुरवाने गाऱ्हाणं घालण्याआधी घरातल्या थोरल्याने नारळ हातात धरून चार शब्द आपल्या तोंडाने देवाला सांगायचे. भाई सांगायचा म्हणजे देवाला झापायचाच. “मागच्या साली बोललो त्यातलं अर्धंच केलंस” इथपासून सुरुवात. वर लोकांनी साथीला म्हणायचं ‘व्हय म्हाराजा’सुद्धा स्वतःच म्हणून टाकायचा. आता घरात थोरला मी. होळी जवळ आली तशी माझी झोप उडाली. अख्खी वाडी अंगणात जमणार, आणि मी तिथे अडणार. भाईच्या घरची लाज निघेल, या भीतीने अन्न गोड लागेना.

पालखी अंगणात आली, ढोल थांबला. गुरव समजूतदार. हळूच म्हणाला, “काका, तुमच्या वतीनं मीच सांगतो.” वहिनी दारातून म्हणाल्या, “नको. भावजी बोलतील.”

मी नारळ धरला. “देवा म्हाराजा, या घराचा…” एवढं आलं आणि ‘कर्ता’ या शब्दावर जीभ अडली. सवयीने मी बाजूला बघितलं. बाजूला कोणी नव्हतं. अंगणात पन्नास माणसं उभी, पण कोणी हसलं नाही, कोणी शब्द पुरवला नाही. सगळी थांबून राहिली. माझ्या डोळ्यांना धार लागली, पण मी बोललो.

“या घराचा कर्ता तुझ्याकडे आला आहे. तो एका जागी बसायचा नाही. त्याला काहीतरी काम दे. आणि तो मध्ये बोलला तर रागावू नको.”

“व्हय म्हाराजा!” अख्खं अंगण म्हणालं.

पालखी पुढच्या घराकडे निघाली तेव्हा जो तो मला सांगून गेला, काका, छान बोललात, सगळं स्वतः बोललात. छान कसलं डोंबलाचं! दोन शब्दांच्या मध्ये एवढी एवढी जागा मोकळी पडली होती, आणि त्यात बोलायला भाई नव्हता.