वारुळाचं अर्धं चित्र

आमच्या घरात चित्र काढणं म्हणजे रिकामटेकडेपणा. मेडशीजवळच्या आमच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक जुनं वारूळ होतं. पावसात धुरा खचला आणि वारूळ मधोमध उभं चिरलं गेलं. आत वाळवीच्या वाटा दिसल्या. एकीतून दुसरी फुटलेली, पुढे जाऊन पुन्हा जुळलेली, सरळ एकही नाही. मी कागद जोडून चादरीएवढा केला, तिथलीच माती डिंकात कालवली आणि त्या वाटा उतरवायला बसले. स्वतःच्या हातचं काही मला पहिल्यांदाच मनापासून आवडत होतं.

"सूनबाई, कायच्या रेघोट्या वढून राह्यली?" सासरे रोज विचारायचे आणि उत्तर न ऐकताच निघून जायचे.

अर्धा कागद भरला त्या दिवशी मात्र ते थबकले. वारुळाखाली पाणी असतं, ही आमच्याकडची पक्की समजूत. माझ्या तपकिरी वाटा त्यांना जमिनीतले झरे वाटले. "हा त पान्याचा नकाशा हाये!"

दुसऱ्याच दिवशी पाणी पाहणारा आला. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो धुऱ्यावरून चालला आणि वारुळापाशी नारळ उभा राहिला. राहणारच. सासऱ्यांनी चहा पाजतानाच त्याला जागा सांगून ठेवली होती.

"मामाजी, मायं चित्र तेवढं होऊ द्या," मी हात जोडले. "पानी काय पळून जाते?"

"चित्रानं पोट भरते काय?"

नागपंचमीला याच वारुळाला त्यांनी आम्हा बायांना लाह्या वाहायला लावल्या होत्या. आता बोअरच्या गाडीला जागा हवी म्हणून त्याच भक्तिभावाने त्यांनी ते जेसीबीने सपाट करवलं. मी अर्धा कागद गुंडाळून घरी आणला.

गाडी दिवसभर घरघरली. पांढरी भुकटी उडत राहिली, तुरीवर, माणसांवर, सासऱ्यांच्या टोपीवर. पाण्याचा थेंब लागला नाही.

संध्याकाळी ते माझा कागद मांडीवर घेऊन ओसरीवर बसले. मला वाटलं, आता तरी यांना काही वाटलं असेल. छे!

"चूक तुयीच हाये, सूनबाई. अर्धंच काढलं तू. पानी बाकीच्या अर्ध्यात असन. तेवढं काढून दे, मंग पुन्हा मशीन बलावतो."

"वारूळच ठेवलं नाई तुमी. काय पाहून काढू?"

"इतके दिवस पाह्यलं ना? आठवून काढ. अन् झरे जरा जाड काढ."