देवराईतली काटकी

काल घाटातल्या एका देवराईतून जाताना डोक्यावर लाकडांची मोळी घेतलेल्या एक मावशी माझ्या पुढे चालल्या होत्या. लाकडं पलीकडच्या डोंगरावरची. राईतलं पानही घरी न्यायचं नाही, ही त्या गावची रीत. राई संपली तिथे त्यांनी मोळी खाली टेकवली, वाटेत तिच्यात अडकलेली एक वाळकी काटकी शोधून काढली आणि मागे राईत टाकून दिली.

मी बघतच राहिले. सकाळीच पेपरात वाचलं होतं, की हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून झाडांत, मातीत, खडकांत साठवायचा म्हणून देशोदेशीची माणसं नियम करायला बसली आहेत. साठवण्यापेक्षा अवघड प्रश्न पुढचाच: तो साठा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणार कोण, आणि सांभाळणाऱ्यावर लक्ष कोण ठेवणार? इथे तर कुंपण नाही की पहारेकरी नाही. तरी केवढी जुनी हवा पोटात धरून ही राई गार उभी आहे!

मोळी उचलायला हात देत मी म्हटलं, "मावशी, एवढीशी काटकी. नेली असती तरी कुणी बघितलं नसतं."

"असं कसं?" चुंबळ सारखी करत त्या म्हणाल्या, "मी बघितलं की!"