मुलीच्या आईने अक्षता बघायच्या नसतात

आमची सोसायटी यमुनेपलीकडे, दिल्लीची हद्द संपता संपता. सरकारी नोकरांनी कर्ज काढून घेतलेले फ्लॅट, खाली नव्याकोऱ्या मारुती, गच्चीवर केबलच्या वायरींचं जंजाळ. भिंतीला लागून मिशनचं आवार होतं. आम्ही यायच्या कितीतरी आधीपासून ते तिथे होतं, तरी आमच्या मीटिंगमध्ये विषय निघायचा तो ‘ह्या लोकांना इथून कधी हलवणार’ असाच. कुष्ठरोगातून बरी झालेली, घरच्यांनी टाकलेली माणसं तिथे राहायची आणि हातमागावर टॉवेल, चादरी विणायची. केरळच्या सिस्टर सगळं बघायच्या. मला कुणी ‘तिकडे जाऊ नका’ म्हटलं की माझे पाय नेमके तिकडेच वळतात. मी गेले, ह्यांनाही सोबत घेऊन.

सुताच्या गाठोड्यांवर पानिपतचं नाव बघून आमचे हे म्हणाले, “पानिपतहून मराठी माणसाच्या हाती काही लागलं नाही. निदान दोन टॉवेल तरी घेऊन जाऊ.” मी डाफरले, विनोद पुरे, आधी रंग पक्का आहे का ते विचारा. तेवढ्यात मागाच्या आडून कुणीतरी खुदकन हसलं.

ती सोलापूरकडची निघाली. अंगावर चट्टे उठले तसं नवऱ्याने तिला माहेरी आणून टाकलं आणि माहेरच्यांनी तान्ह्या लेकीसकट आगगाडीत बसवून दिलं. औषधाने ती केव्हाच बरी झाली होती. पण माणूस बरं झालेलं कुणाला दिसत नाही, झडलेली बोटं दिसतात. उरलेल्या पेरांत धरून ती मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. लेक मिशनच्याच वसतिगृहात वाढली, नर्सिंग शिकली, गुडगावच्या एका दवाखान्यात लागली. आईला आठवड्यातून एकदा भेटायला यायची. दिल्लीत वाढलेल्या आमच्या मुलांसारखीच तीही मराठीत अडखळायची. “आई, तू ना, बिल्कुल ऐकत नाहीस,” म्हणायची, आणि आईला त्याचंही कौतुक.

मानेसरच्या कारखान्यात हात चेचला म्हणून एक मुलगा त्या दवाखान्यात आला. लातूरकडचा, बरा होता. जमलं. मुलीने त्याला सगळं सांगितलं होतं. पण घरच्यांना सांगायची त्याची छाती झाली नाही. त्याने आई-वडिलांना सांगितलं, मुलीला आई नाही.

मला हे कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, मी जाऊन त्या लोकांना खरं काय ते सुनावते. मुलीच्या आईने मला खाली बसवलं. “बाई, तुमी काई बोलू नगा. लेकीचं घर बसू द्या. तुमी दोघं कन्यादानाला बसा.” मग म्हणाली, “आन् मुलीच्या आईनं अक्षता बघायच्या नसत्यातच की. आईनं तुळशीला पानी घालायचं असतं. ते मी हितं घालीन.”

आमच्याकडे ही रीत आहेच. मंगलाष्टकं चालू असताना मुलीची आई मांडवात थांबत नाही, तुळशीला पाणी घालत बसते. लहानपणापासून मला ती रीत अन्यायाची वाटत आली होती. त्या दिवशी ती तिच्या उपयोगी पडली, आणि मला जास्तच राग आला. आवारात तुळस नव्हती. सिस्टर स्वतः जाऊन कुंडीतली तुळस घेऊन आल्या आणि ऑफिसच्या दाराशी ठेवली. लग्न लागलं की ह्यांनी हॉलवरून ऑफिसात फोन करायचा, तोवर तिने पाणी घालायचं, असं ठरलं.

लग्नाच्या दिवशी मुलाकडची बस बॉर्डरच्या जाममध्ये अडकली. मुहूर्त टळला. भटजी घाम पुसत बसले, मुलगी पाटावरून दाराकडे बघत राहिली. शेवटी वऱ्हाड आलं आणि घाईघाईने अंतरपाट धरला. मी रीतीप्रमाणे उठायला लागले, तशी मुलाची आई मला म्हणाली, “तुम्ही कुठं सख्ख्या आई? थांबा की इथंच, बघा खुशाल.” ती प्रेमानेच म्हणाली. मी थांबले. माझ्या हातातल्या अक्षता ओल्या झाल्या होत्या.

पाठवणीनंतर मी तडक मिशनमध्ये गेले. सिस्टर दारातच भेटल्या. म्हणाल्या, “मुहूर्त के टाइम से शुरू किया, फोन आने तक उठी ही नहीं।” तांब्यामागून तांब्या. कुंडीतली माती वाहून व्हरांडाभर पसरली होती, तुळस मुळाशी उघडी पडली होती. फोन येत नाही म्हणजे लग्न लागत नाही, आणि आपण थांबलो तर काहीतरी विपरीत होईल, असं तिने मनात धरलं होतं. सिस्टरांनी फार विनवलं, तिने ऐकलं नाही.

ती भिंतीला टेकून बसली होती, पदर ओलाचिंब. मी शेजारी बसले. म्हटलं, छान झालं, उशीर तेवढा झाला. शालू पोरीला शोभत होता, मुलाकडची माणसं साधी आहेत, जेवण कमी पडलं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “निघताना रडली का?”

“रडली.”

“कुनाच्या गळ्यात पडून?”

मला खोटं बोलता येईना. “माझ्या.”

“काय म्हनली?”

सगळ्या वऱ्हाडासमोर ती पोरगी माझ्या मानेत तोंड खुपसून एकच शब्द बोलली होती. मला तो ऐकवेना, कारण तो माझा नव्हता. इतकं वाईट मला माझ्या स्वतःच्या लेकीच्या पाठवणीलाही वाटलं नाही.

“आई म्हणाली,” मी म्हटलं.

तिने मांडीवरचे आपले हात उलटे-सुलटे करून बघितले.

“घट्ट धरली ना तुमी तिला?” ती म्हणाली. “माज्यानं एवढी धरवली नसती.”