बत्तिशी आणि स्टेशनाजवळची जागा

कवळ्या बनवणाऱ्या त्या लॅबमध्ये तिला सगळे बत्तिशी म्हणत. एकवीस वर्षं परक्यांच्या तोंडात बसतील असे दात मेणात रोवणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार? तिलाही त्याचा राग नव्हता. डॉक्टरांकडून साचा आला की तो हातात फिरवून ती सांगायची, "हा माणूस डाव्या बाजूनंच चावतो. आणि झोपेत दात खातो." डॉक्टर चौकशी करत, आणि ते खरं निघे.

लहानपणी मोडलेला तिचा उजवा पाय नीट सांधला नव्हता. चालायची तर एका अंगाला कलून. म्हणून स्टेशनाजवळची ती भाड्याची जागा तिला मिळाली, तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. इमारत जुनी, जिना लाकडी, लिफ्ट कधीकाळी बंद पडलेली ती तशीच. पण जागा पहिल्या मजल्यावर होती आणि दारापासून फलाटापर्यंत जेमतेम चार मिनिटं. गाडी गेली की कपाटातले कप किणकिणत. तिनं प्रत्येक कपाखाली कापडाची चकती घातली आणि विषय संपवला.

इमारतीचे मालक तळमजल्यावर राहत. भला माणूस, पण पक्का. "माझा माणसांवर नाही, कागदावर विश्वास," असं ते स्वतःच सांगत.

लॅबमध्ये तिच्या शेजारच्या टेबलावर चमकी बसायची. तयार कवळीला पॉलिश करून चमकवायची म्हणून चमकी. एकीनं दात बसवायचे, दुसरीनं झळाळी द्यायची, असा बारा वर्षांचा शेजार. नवऱ्यानं मुलीला ठेवून घेतलं आणि चमकीला घराबाहेर काढलं, तेव्हा ती दोन पिशव्या घेऊन थेट बत्तिशीच्या दारात उभी राहिली.

"दोन महिने फक्त," चमकी म्हणाली.

"आधी आत तर ये," बत्तिशी म्हणाली, आणि रुळांपासून लांबची, शांत खोली तिनं तिला देऊन टाकली.

दोन महिन्यांची चार वर्षं झाली. बत्तिशीला त्याचं काही वाटलं नाही. संध्याकाळी घरी दिवा लागलेला दिसायचा, हे तिला बरंच वाटायचं.

मग तिच्या आईला अर्धांगाचा झटका आला. आई दूरच्या गावी एकटीच. बत्तिशी सहा महिन्यांची बिनपगारी रजा घेऊन गेली. चमकी अधूनमधून फोन करायची. "घराची काळजी करू नकोस. मी आहे ना."

चौथ्या महिन्यात टपालानं एक पाकीट आलं. भाडेकरार नव्यानं करायचा होता. चमकीनं सोबत चिठ्ठी लिहिली होती: दोघींची नावं घालून घेतेय, तू फक्त शेवटच्या पानावर सही कर. आईला कुशीवर वळवायची वेळ झाली होती. दाताची उंची कागदाच्या जाडीइतकी चुकली तरी जिला दिसायची, त्या बाईनं ती पानं उलटूनही पाहिली नाहीत. खिडकीच्या कट्ट्यावर कागद टेकवून सही केली आणि पाकीट परत पाठवलं.

आई धरून धरून चालू लागली, तशी बत्तिशीनं तिला आपल्याकडेच आणायचं ठरवलं. तसं चमकीला कळवलंही. चमकी फोनवर म्हणाली, "या की."

भर दुपारी दोघी पोचल्या. आईला खाली मालकांच्या दारातल्या बाकावर बसवून बत्तिशी वर गेली. दाराबाहेर पुरुषी बूट होते. दार चमकीच्या मुलीनं उघडलं. तिचं नुकतंच लग्न झालं होतं. बैठकीत भिंतीला लागून अकरा खोकी रचली होती. प्रत्येकावर चमकीच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं: पुस्तकं. हिवाळी कपडे. कप, नाजूक.

बत्तिशीला आधी वाटलं, रंगकाम काढलंय.

चमकी आतून आली. नजर खोक्यांवर ठेवूनच बोलली. "लेकीला कुठं जागा मिळेना. जावयाची नोकरी पहाटेची, त्याला स्टेशन जवळ लागतं."

"आणि मला?"

"तू आता आईकडेच राहशील असं वाटलं मला."

"मी कधी म्हणाले तसं?"

चमकीनं एका खोक्याची सुटलेली चिकटपट्टी दाबून बसवली. मग हळूच म्हणाली, "विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

बत्तिशी जिना उतरून मालकांकडे गेली. त्यांनी फायलीतून कागद काढून तिच्यापुढे ठेवला. पहिल्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं की बत्तिशी आपखुशीनं जागा सोडत आहे आणि यापुढे भाडेकरार एकट्या चमकीच्या नावावर राहील. शेवटच्या पानावर तिची सही.

"सही तुमचीच ना?" मालकांनी विचारलं.

"माझीच."

त्यांनी चष्मा काढला. त्यांना वाईट वाटत होतं, पण कागद त्यांनी पुन्हा फायलीत ठेवला. एका वकिलानंही पुढं तेच सांगितलं: भांडता येईल, पण वर्षं जातील.

शहराच्या पार टोकाला तिला तळमजल्यावरच्या दोन खोल्या मिळाल्या. तिथून लॅबला दोन बस बदलून सव्वा तास. संध्याकाळी पाय सुजून घट्ट व्हायचा. आणि एवढं करून पोचायचं तर शेजारच्या टेबलावर चमकी. पहिल्या दिवशी चमकीनं तिच्यासमोर चहा ठेवला. तो तिथंच थंड झाला. पूर्वी कवळी या हातातून त्या हातात जायची, आता बत्तिशी ती ट्रेमध्ये ठेवून मान फिरवायची. केसानं गळा कापणं म्हणजे काय, हे तिला आता कुणी समजावायला नको होतं.

लॅबचे साहेब एकदा म्हणाले, "आपलेच दात, आपलेच ओठ. मिटवून टाका आता."

"माझे नव्हते ते दात," ती म्हणाली. "मी बसवलेले होते."

साहेबांनी पुन्हा विषय काढला नाही. तिचं टेबल मात्र खिडकीपाशी हलवून दिलं.

नव्या घरी शेजारी एक शिवणकाम करणारी बाई राहते. दिवसभर घरीच असते. एकदा आई न्हाणीघरात घसरली, तेव्हा हिनंच आवाज ऐकला. पण दाराला कुलूप. बाई भिंतीपलीकडून तासभर आईशी बोलत राहिली, बत्तिशी येईपर्यंत. दुसऱ्या दिवशी ती संकोचत म्हणाली, "ताई, एक किल्ली माझ्याकडे ठेवा ना. आजी एकट्याच असतात."

बाई चांगली आहे, हे बत्तिशीला दिसत होतं. किल्ली करून घ्यायलाच हवी, हेही कळत होतं.

"बघते," ती म्हणाली.

त्याला आता पाच महिने झाले. रोज सकाळी ती बाहेरून कुलूप लावते, दोनदा ओढून पाहते आणि बसथांब्याकडे चालू लागते.