त्याला मरू द्यायचं नव्हतं

डायलिसिसच्या वॉर्डातली सिस्टर तोंडाने फटकळ होती. कुणी चोरून जास्त पाणी प्यायलं की सगळ्यांदेखत झापायची. तरी सुई टोचायला तीच हवी असा पेशंटांचा हट्ट असायचा, कारण तिच्या हाताने दुखायचं नाही.

तिचा थोरला भाऊ बाजारातल्या गल्लीत शिलाई मशिनं दुरुस्त करायचा. बाजारात बाँबस्फोट झाला तेव्हा तो दुकानाच्या दारात मशिन उघडून बसला होता. ओळख पटवायला सिस्टरच गेली. वहिनीला तिने आत येऊ दिलं नाही. चेहरा बघण्यासारखा राहिलाच नव्हता. नखांत मुरलेल्या तेलावरून तिने भाऊ ओळखला.

त्या स्फोटाचा हुकूम देणारा म्होरक्या पुढे काही वर्षांनी जिवंत सापडला. त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. पोलिसांच्या गराड्यात त्याला आणू लागले ते नेमकं याच वॉर्डात. सिस्टरचं सासरचं आडनाव वेगळं होतं. कुणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

"याला खटला कशाला पाहिजे?" वॉर्डबॉय मामा म्हणायचा. "मशिनचं बटण बंद करा, सुंठीवाचून खोकला जाईल." दारातले पोलिसही हसायचे.

इकडे वहिनीनेही तेच धरलं. दुकान आता ती चालवत होती. एका मशिनचं चाक फिरवत, वर न बघता ती म्हणाली, "त्याचं रक्त तुझ्या हातात येतं. आणि तू ते साफ करून त्याला परत देतेस."

"हो, देते."

"तुझ्या जागी मी असते ना..."

"तू असतीस तर तो एका दिवसात सुटला असता. गादीवर, अंगावर पांघरूण घेऊन. दादाला कुणी पांघरूण घातलं होतं?"

वहिनीचं चाक थांबलं.

"त्याच्या लेखी दादा म्हणजे नुसता आकडा आहे," सिस्टर म्हणाली. "मला तो शुद्धीवर हवाय. कोर्टात, तुझ्यासमोर. तू बोलायचंस आणि त्याने ऐकायचं. उठून जायची सोय नाही."

यात दयामाया कसली नव्हती. तहानेने त्याची जीभ टाळ्याला चिकटली की तिला बरं वाटायचं. त्याने बर्फाचा खडा मागितला की "डॉक्टरांनी नाही म्हटलंय" हे ती चवीने सांगायची. आणि सुई त्याला मात्र दुखायची. तेवढी सूट तिने स्वतःला दिली होती.

खटला उभा राहिला, साक्षी सुरू झाल्या. पहिले काही दिवस तो छताकडे बघत बसायचा. मग एका म्हाताऱ्याने स्फोटात गेलेल्या आपल्या नातीबद्दल सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी म्होरक्याने वॉर्डात हात द्यायला नकार दिला. शुद्धीतल्या माणसावर जबरदस्ती करता येत नाही, डॉक्टर म्हणाले. मशिनशिवाय तो जेमतेम आठवडा काढणार होता.

"जातोय तर जाऊ दे की," मामा म्हणाला.

सिस्टरच्या अंगाची लाहीलाही झाली. वहिनीची साक्ष तोंडावर आली होती, आणि हा पळ काढत होता. ती स्टूल ओढून त्याच्या उशाशी बसली.

"घाबरलास?"

"मी मरणाला घाबरत नाही."

"ठाऊक आहे. तू बायकांना घाबरतोस. शिलाई मशिनवाल्याची बायको साक्षीला यायची आहे. तिच्याआधी गेलास तर मी गावभर सांगेन. दुसऱ्यांच्या पोरांना मरायला पाठवणारा एका विधवेचं बोलणं ऐकायच्या आत पळाला म्हणून. तुझी माणसंही ऐकतील."

तो तिच्याकडे बघत राहिला. "तू कोण?"

"त्याची बहीण."

मग त्याने हात पुढे केला. तिने सुई टोचली, मुद्दाम सावकाश.

वहिनी साक्षीला उभी राहिली तेव्हा सिस्टर मागच्या बाकावर होती. वहिनी रडली नाही. मशिन दुरुस्त झालं की नवरा चिंधीवर टाके घालून बघायचा, आणि दर वेळी तिचंच नाव शिवायचा, असं तिने सांगितलं. मग आरोपीकडे वळून म्हणाली, "वर बघ." न्यायाधीशांनी तिला टोकलं. ती पुन्हा तेच म्हणाली. त्याने वर बघितलं, आणि तिचं बोलणं संपेपर्यंत त्याला नजर काढून घेता आली नाही.

जन्मठेप झाली. बाहेर लोक संतापले होते.

"फाशी हवी होती," वहिनी पायऱ्या उतरताना म्हणाली.

"मलाही," सिस्टर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांना नातं सांगून टाकलं. ते भयंकर चिडले, आणि तिची बदली दुसऱ्या वॉर्डात झाली. ती हूं की चूं न करता गेली.

पुढच्या वर्षी तो तुरुंगाच्या दवाखान्यात मेल्याची बातमी मामाने धावत येऊन दिली. त्याला वाटलं, सिस्टर खूश होईल.

"लवकर सुटला," ती म्हणाली.

तिने वहिनीला फोन लावला. पलीकडे मशिनची घरघर थांबली. मग वहिनी म्हणाली, "संध्याकाळी जेवायला इकडेच ये."